डोकं धरायला कुणीतरी हवं

मावशीने रिफातल्या म्हातारीचं काम का धरलं, याचं उत्तर ती ज्याला त्याला वेगळं द्यायची. आईला म्हणाली, "मूल सांभाळायचं म्हणजे दिवसभर त्याच्यामागे धावायचं. म्हातारं माणूस कुठे पळून जातंय?" बाबांना म्हणाली, "त्या घरात खोलीखोलीत एसी आहे भावोजी. तुमच्याकडे एकाच खोलीत." आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या रत्नागिरीच्या चाचींना म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाचं केलं की सवाब मिळतो म्हणता ना तुम्ही? थोडं पुण्य मलापण मिळू दे."

"सगला तूच नेलास तर आमच्यासाठी काय ठेवशील गो?" चाची म्हणाल्या, आणि दोघी हसत सुटल्या.

मला यातलं एकही उत्तर खरं वाटलं नाही. मावशीला गावाहून बहारीनला आणायचं ठरलं तेव्हा दोन घरांतून व्हिसा मिळण्यासारखा होता. एक घर जुफैरमधलं होतं. तिथे दोन वर्षांचा मुलगा सांभाळायचा होता. आईने तेच घे म्हणून फोनवर किती सांगितलं. दुसरं रिफातलं, तिथे पडून कंबरेचं हाड मोडलेली म्हातारी होती. मावशीने फोनवरच सांगून टाकलं, म्हातारीचं घेते. आईने रिसीव्हर ठेवला. "हिला लोकांची घाण काढायची हौस आहे," ती म्हणाली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. मनामातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ऐकत बसणं हाच माझा उद्योग होता. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मी इंग्रजीत गप्प बसायचे आणि घरी आले की मराठीत. आईबाबा मराठीत बोलायचे, मी इंग्रजीत एका शब्दात उत्तर द्यायचे, आणि त्यावर आमचं सगळ्यांचं भागत होतं. मावशी आल्यावर मात्र ते बंद झालं. तिला मराठीशिवाय काही येत नव्हतं, आणि मोडकंतोडकं बोललं तरी ती हसायची नाही. वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायची. तिच्यासाठी थांबणं हे फार मोठं काम नव्हतं. गुहागरकडच्या आमच्या गावात ती बाळंतिणींना आणि बाळांना अंघोळ घालायची. पाटावर पाय लांब करून बसायचं, बाळाला नडग्यांवर पालथं घालायचं, आणि त्याचं रडणं संपेपर्यंत पाणी घालत राहायचं. "अर्ध्या गावाला पहिलं पाणी मी घातलंय," ती म्हणायची. ती ते मोठेपणाने म्हणायची नाही. इतकी वर्षं एसटीत आहे असं कंडक्टर सांगतो, तसं सांगायची.

रिफाच्या घरातून निरोप आला की पहिले काही दिवस बाईबरोबर भाषा समजणारं कुणीतरी पाठवा. बाबा लगेच म्हणाले, "हिला शाळेत आठवीपर्यंत अरबी होतं." माझं अरबी म्हणजे 'हे घर आहे, दार मोठं आहे' एवढंच होतं. पण बाबांनी सांगून टाकलं होतं. सकाळी कामावर जाताना ते आम्हा दोघींना गाडीने तिथे सोडायला लागले.

घर मोठं होतं, पण म्हातारीची खोली लहानशी, तळमजल्यावर. खिडकीबाहेर बदामाचं झाड. त्या घरात म्हातारी आणि तिची मुलगी दोघीच राहायच्या. मुलगी मुलींच्या शाळेत शिकवायची. तिला इंग्रजी चांगलं येत होतं. मी तिला शाळेच्या सवयीने 'मिस' म्हणायला लागले. म्हातारीला घरात काम करणाऱ्या बायका 'मामा', म्हणजे आई, म्हणतात, असं मिसने सांगितलं. मावशीला ते काही केल्या जमेना. "बाईमाणसाला मामा? मी आपली आजी म्हणते," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती आजी झाली. आजी हाडाचं ऑपरेशन होऊन आठवड्यापूर्वीच घरी आली होती. मिस म्हणाली, हॉस्पिटलमध्ये ती कुणाशी बोलत नव्हती, फक्त रोज एकच म्हणायची, मला माझ्या खोलीत न्या.

आजीच्या पहिल्या अंघोळीच्या आदल्या संध्याकाळी मावशी खाली चाचींकडे गेली. ती लोकं मुसलमान, आपल्या हातून काही चुकू नये, म्हणून विचारायला. चाचींनी त्यांना माहीत होतं ते मनापासून सांगितलं. सुरुवात उजव्या अंगापासून कर. पाणी तीनदा घाल. अंगावर चादर असू दे, बाईला उघडी पाडू नको. मावशीने सगळं पाठ केलं. त्यात तिने स्वतःची एक गोष्ट घातली, ती म्हणजे कापूर. गावाहून आणलेल्या ट्रंकेत तिच्याकडे कापूर घातलेल्या खोबरेल तेलाची बाटली असायची. गुडघ्यांना तेच, सर्दीला तेच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अंगाला वास येऊ नये म्हणून तिने कोमट पाण्यातसुद्धा कापराच्या दोन वड्या चुरून टाकल्या. आमच्या घरात कापूर म्हणजे आरती. त्या वासाने मला तरी प्रसन्नच वाटलं.

आजीखाली रबरी कापड घातलं होतं. वर स्वच्छ पांढरी चादर. मी भिंतीला टेकून उभी होते, कुणी काही बोललं तर सांगायला. पण कुणीच काही बोललं नाही. मावशी कामात असली की एरवी बडबड करते, पण त्या दिवशी परक्या घरात ती अगदी शिस्तीत, तोंड मिटून काम करत होती. उजवा खांदा, उजवा हात, उजवी कूस. मग डावीकडे. एक पाणी झालं, दुसरं झालं. आजीचे डोळे छताला लागले होते. तिचे ओठ हलायला लागले आणि चादरीखालून उजवा हात हळूहळू बाहेर आला. त्या हाताचं पहिलं बोट तिने सरळ वर केलं.

"पंखा बंद कर म्हणते वाटतं," मावशी हळू आवाजात म्हणाली. मी पंखा बंद केला. बोट खाली आलं नाही.

तिसऱ्या पाण्याचा तांब्या मावशीने उचलला तेव्हा आजीने तिचं मनगट धरलं. एवढी वाळलेली बाई, पण मावशीच्या हाताला नंतर वळ दिसत होते. आजी ओरडली. ते ओरडणं शब्दांचं नव्हतं. मिस वरच्या मजल्यावरून धावत आली. तांब्या जमिनीवर लोळत होता आणि पाणी माझ्या पायांखालून दाराकडे चाललं होतं.

त्यानंतर आजीने अंगाला पाणी लावू दिलं नाही. मावशीला नाही, मिसला नाही, कुणालाच नाही. ओला रुमाल दिसला तरी ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. जेवण चमच्याचमच्याने कमी होत गेलं. मे महिन्यातला उकाडा, एसी लावला तरी खोलीत वास साचायला लागला. पाठीवर, झोपून झोपून होते तशी जखम दिसायला लागली. आरोग्य केंद्रातून येणारी नर्स ती बघून मिसशी बराच वेळ हलक्या आवाजात बोलली.

गुरुवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, आजीचा मुलगा आला. जनाबियाला राहायचा, गंभीर आणि अतिशय सभ्य माणूस. बैठकीच्या खोलीत भावाबहिणीचं बोलणं झालं. मग मिस आमच्याकडे आली आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन येईल. हॉस्पिटलमध्ये म्हाताऱ्या माणसांचा वॉर्ड आहे, तिथे ठेवायचं. तो काही वाईट माणूस नाही. पण तिथे गेलेलं माणूस घरी परत आलेलं मी अजून पाहिलं नाही."

मी ते मावशीला सांगितलं. मावशी कपडे घड्या करत होती. तिने हातातली घडी पूर्ण केली.

"मला परत पाठवतील का, हे विचारू नको हां तिला," ती म्हणाली. "बरं नाय दिसत. पण गो बाय, तिने एवढं एकच मागितलं होतं ना? खोलीत ठेवा म्हणून?"

शुक्रवारी आम्ही गेलो, तेव्हा मिस आजीची बॅग भरत होती. मावशीला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती पलंगाशेजारी खाली बसली, पिशवीतून ती कापराच्या तेलाची बाटली काढली आणि स्वतःच्या गुडघ्यांना तेल चोळू लागली. मी खिडकीशी होते. आजी त्या दिवशी शांत पडली होती, झाडाकडे बघत. बाटलीचं झाकण उघडलं, आणि थोड्या वेळाने मी पाहिलं की आजीने तोंड भिंतीकडे फिरवलंय. चादरीखालून उजवा हात बाहेर येत होता. पहिलं बोट वर.

पंखा बंदच होता.

मला आपणहून कुणाशी बोलायला जायची सवय नव्हती. शाळेत फळ्यावर काही चुकलेलं दिसलं तरी मी हात वर करत नसे. पण मी मावशीच्या हातून बाटली घेतली, आणि ती "अगो, काय झालं?" म्हणत असताना स्वयंपाकघरात जाऊन मिससमोर धरली. म्हटलं, "तुमची आई याला घाबरते."

मिसने वास घेतला. मग ती खुर्ची ओढून बसली. "हे पाण्यात घातलं होतं? त्या दिवशी?"

मी मान हलवली.

"सुरुवात कुठून केली होती?"

मी माझ्या उजव्या खांद्याला हात लावला. मग तीन बोटं दाखवली. पांढऱ्या चादरीचं सांगावं लागलं नाही, ती तिनेच कपाटातून काढून दिली होती.

मिसने मग मला जे सांगितलं, ते मला आजही तिच्याच क्रमाने आठवतं. तिची आई चाळीसएक वर्षं मोहल्ल्यातल्या वारलेल्या बायकांना अंघोळ घालायची. ते काम कुणी पैशासाठी करत नाही, आणि सगळ्यांना जमतही नाही. कुणाच्या घरी बाई गेली की आधी तिच्या आईला बोलवणं यायचं. उजव्या अंगापासून, तीन पाणी, अंगावर कापड, फारसं न बोलता. शेवटच्या पाण्यात कापूर. आणि बोट वर करणं म्हणजे मरताना जो कलमा, अल्ला एकच असल्याची साक्ष, म्हणायचा असतो, तो म्हणणं.

"तिला वाटलं, आम्ही तिला पुरायची तयारी करतोय," मिस म्हणाली. "तिला वाटलं, आम्हाला थांबायलासुद्धा वेळ नाही." तिने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "आणि बघ, तिने विरोध केला नाही. दोन पाणी होईपर्यंत आपला कलमा म्हणत राहिली. काम नीट चाललंय का, तेही बघत असेल."

मी दारातच उभी राहिले. आपण गेलो आहोत असं समजून एक बाई पडून राहते आणि आपली शेवटची अंघोळ स्वतः करून घेते, इतकं मोठं काही मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. आणि मी तर पाहिलंच होतं, भिंतीला टेकून.

मावशीला सांगताना माझ्याकडे शब्द पुरेसे नव्हते. मी म्हटलं, "मावशी, तू घातलीस ना ती अंघोळ, ती त्यांच्यात मेलेल्या माणसाला घालतात." मग एकेक करून सांगितलं. उजवं अंग, पाणी, चादर, कापूर, बोट.

मावशीचा हात कपाळावर गेला आणि तिथेच राहिला. "अगो बाय माझे," एवढंच ती म्हणाली. मग उठून तिने बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली आणि थेट फाटकाबाहेर ठेवून आली. साबणाने हात धुतले. वास घेतला. परत धुतले. माझ्या नाकासमोर धरले. "येतो?"

"थोडा."

तिने तिसऱ्यांदा धुतले. मग पदराला हात पुसत म्हणाली, "तुझ्या मिसला सांग, आज परत एकदा घालते. उलटी."

"उलटी म्हणजे?"

"मेलेल्या माणसाचं करतात त्याच्या सगळं उलटं. नुकत्या जन्मलेल्या पोराला घालतात तशी. ती मला येते."

मला वाटलं, मिस नाही म्हणेल. पण तिने आजीच्या भरलेल्या बॅगेतून एक लाल फुलांचा झगा काढला. "पांढरं काही नको ना?" तिने मला विचारलं. ते मला मावशीला सांगावंच लागलं नाही, तिने झगा बघूनच मान डोलावली.

नर्सने आधाराने बसवायची परवानगी दिली होतीच. न्हाणीघरात हात टेकायची प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली, आम्ही तिघींनी आजीला उचलून तिथे बसवलं. पाय टबात. ती डोळे मिटून, ओठ घट्ट मिटून बसली होती. मावशी तिच्यासमोर चक्क ओल्या फरशीवर बसली, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, आणि बडबड सुरू केली. मोठ्याने, गावच्या आवाजात.

"काय गो आजी, रुसलीस? माझं चुकलं, मान्य आहे. पण मी तुला मारली नाय हां, अजून खूप वर्षं आहेत तुझी. बघ, हा डावा पाय. आधी डावाच. माझ्या सासूने बघितलं असतं तर मला हाकललं असतं घरातून, डावं काय करतेस म्हणून. बघ किती घाण आहे बोटांमध्ये. कुठे फिरायला गेली होतीस?"

मी यातलं काही भाषांतर केलं नाही. गरज नव्हती. आजीने एक डोळा उघडला होता.

मग मावशीने तांब्या भरून आजीच्याच हातात दिला. आजी तांब्याकडे बघत राहिली. मेलेल्या माणसाच्या हातात कुणी तांब्या देत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिने तांब्या कलंडला, अर्धं पाणी तिच्या मांडीवर आणि अर्धं मावशीच्या डोक्यावर.

"बारिद!" आजी ओरडली.

"गार आहे म्हणते," मी म्हटलं.

बहारीनच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला कढतच येतं. म्हणून लोक गिझर बंद ठेवतात आणि घरातल्या त्या गिझरमध्ये साचून निवलेलं पाणी गार म्हणून वापरतात. मावशीची या दोन नळांत नेहमी गल्लत व्हायची. पण त्या दिवशी ती ओल्या डोक्याने हसायलाच लागली.

"गार म्हणते? म्हण, म्हण. शिव्या पण दे. गार-गरम कोण म्हणतं सांग? जिवंत माणूस म्हणतं. मिसला सांग गो, म्हातारी कुरकुर करते म्हणून!"

मिसला ते सांगावं लागलं नाही. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी येत होतं. आजीने दुसरा तांब्या मागितला. तो मात्र मुद्दाम मावशीवर ओतला, सगळाच्या सगळा.

केस धुवायचे होते. त्यासाठी आजीचं डोकं मागे झुकवायला हवं होतं, आणि मावशीचे दोन्ही हात साबणाने भरलेले. तिने माझ्याकडे बघितलं. "डोकं धर गो."

मी घरच्या माणसांशिवाय कुणाला तोपर्यंत हात लावला नव्हता. मी खुर्चीमागे गेले, दोन्ही तळवे जोडून तिच्या मानेखाली धरले. आधी तिची मान ताठ होती, जड लागत नव्हती. मग कधीतरी तिने ती सोडली. एकदम नाही, थोडी थोडी. आणि तिचं सगळं डोकं माझ्या हातांत आलं. त्या वजनाची मला कल्पना नव्हती. डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून मावशी कपाळाशी हाताची आडवी बोटं धरून पाणी ओतत होती, बाळाचं करतात तसं. माझ्या बोटांना तिच्या कवटीचा आकार लागत होता, कानामागची शीर उडताना कळत होती. ज्या बाईने इतक्या जणींना शेवटचं धरलं, ती आता अठरा वर्षांच्या, नाव माहीत नसलेल्या मुलीच्या हातांवर डोकं टाकून निवांत पडली होती.

खालून वर माझ्याकडे बघत आजी काहीतरी म्हणाली. मिसने सांगितलं, "ती म्हणते, तू धरतेस नीट. दाबत नाहीस."

केस पुसून मावशी वेणी घालायला बसली, तेव्हा आजीने दोन बोटं वर केली. मावशी घाबरून थांबली, आता परत काय? मिस म्हणाली, "दोन वेण्या घाला, असं सांगते. आमच्यात मेलेल्या बाईच्या तीन घालतात. तिला खात्री करून घ्यायची आहे."

"दोन तर दोन," मावशी म्हणाली. "शाळेला पाठवू हिला."

शनिवारी सकाळी मुलगा आला. त्याच्या हातात गाडीची किल्ली होती. आजी खिडकीजवळ खुर्चीत बसली होती, लाल फुलांचा झगा, खांद्यांवर दोन वेण्या. तिने त्याला आत येऊ दिलं, मग विचारलं, कॉफी पिणार आहेस की मला उचलून नेणार आहेस? हे त्याने स्वतःच नंतर आम्हाला इंग्रजीत सांगितलं, दोनदा. तो वाकला, आईच्या केसांवर ओठ टेकले, आणि तसाच थोडा जास्त वेळ वाकून राहिला. मग किल्ली खिशात टाकून बसला. दुपारी नर्सने जखम पाहिली आणि रोज स्वच्छ ठेवणार असाल तर इथेच राहू द्या म्हणाली. मिसने बॅग रिकामी केली. मी कपड्यांच्या घड्या तिच्या हातात देत होते.

निकाल लागेपर्यंत, म्हणजे जखम भरत आली तोवर, मी रोज जात राहिले. दुभाष्याची गरज केव्हाच संपली होती. मावशी मराठीत बोलायची, आजी अरबीत, आणि दोघींची भांडणंसुद्धा व्यवस्थित व्हायची. मी डोकं धरायला जात होते.

एकदा धीर करून मी मिसमार्फत आजीला विचारलं की ते काम तिने का घेतलं. मला वाटलं होतं, धर्माचं काहीतरी सांगेल. आजीने खांदे उडवले. तिची स्वतःची आई गेली तेव्हा ती लग्न न झालेली मुलगी होती. घरात आजार होता म्हणून शेजारच्या बायका आत यायला कचरत होत्या. धुणारी बाई आली, पण ती एकटीच, आणि डोकं धरायला कुणीतरी हवं होतं. "मी धरलं," आजी म्हणाली. "मग पुढच्या घरी त्या बाईने मलाच बोलावलं. म्हणाली, हिला धरता येतं."

एवढंच. मी मावशीला हे सांगितलं. तिने तवा तापायला ठेवला, उतरवला. मग म्हणाली, "माझं पण तसंच झालं. जावेचं पहिलं बाळंतपण होतं. पोराची मान धरायला कुणी नव्हतं." आईला, बाबांना, चाचींना दिलेली सगळी उत्तरं तिने तव्याबरोबर बाजूला ठेवली असं मला वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी जिन्यात चाचींना ती एसीचं सांगताना ऐकू आली.

घरच्यांनी ठरवलेलं बी.कॉम. मी केलं नाही. नर्सिंगला गेले, आणि आता म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डातच काम करते. मुलाखतीत का, असं विचारलं तेव्हा मी सेवा वगैरे म्हणाले. आईला म्हणाले, नोकरी कायमची असते. मीही ज्याला त्याला वेगळं सांगते.

कॉलेजसाठी मी निघायच्या आधीची शेवटची अंघोळ. आजी आता काठीने चालत न्हाणीघरात यायची. खुर्चीत बसली, मावशीकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाली, हिला सांग. मग सावकाश, मला कळेल अशा सोप्या शब्दांत बोलली. मिस बाहेर होती. मी एकटीच ऐकत होते, आणि सगळं समजलं.

"काय म्हणते?" मावशीने विचारलं.

मी मराठीत, एका दमात सांगितलं, "ती म्हणते, मी मेले की तुझा हात मला चालायचा नाही. आमच्या बायका येतील, कापूर आणतील, सगळं नीट करतील. मीच शिकवलंय त्यांना. म्हणून तुला जे धुवायचंय ते आत्ताच धुऊन घे. कानामागेसुद्धा."

मावशीच्या हातात भरलेला तांब्या होता. तिने थोडं पाणी कोपरावर ओतून पाहिलं, गार नाही ना याची खात्री केली.

"कानामागचं मी रोजच धुते म्हणावं," ती म्हणाली. "विचार, कधी राहिलंय का? डोकं धर गो."

मी धरलं.